जुना ट्रॉम्बोन घेऊन राहिले का? आधी स्लाइड पाहा, भोंगा मागून

आमच्या हिंगणघाटकडच्या एका गावात बंद पडलेल्या बँड पार्टीचं सामान विकायला निघालं होतं. मी तेव्हा आमच्या पार्टीत युफोनियम वाजवत होतो आणि ट्रॉम्बोनचं, म्हणजे नळी ओढून सूर बदलायच्या पितळी बाजाचं, भूत डोक्यात बसलं होतं. गेलो, पाहिलं तर भोंगा असा चमकून राहिला होता की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. साडेसहा हजार मोजले, फटफटीवर मागं धरून बसायला एक पोट्टा घेतला आणि घरी आणला. घरी आल्यावर समजलं की स्लाइड (ती ओढायची नळी, तिच्या थांबायच्या सात जागा म्हणजे पोझिशन) तिसऱ्या पोझिशनच्या पुढं जातच नाही. जोर लावला तर जाते, पण मग वापस येत नाही. शेवटी स्लाइड मेरठला, जिथं हे बाजे बनतात तिथं, पाठवावी लागली, तो सीझन गेला, आणि जाण्यायेण्याचा-दुरुस्तीचा खर्च धरला तर भाऊ, नवाच आला असता.

त्यानंतर मी ओळखीच्यांसोबत असे सात-आठ ट्रॉम्बोन पाहायला गेलो. दोन घ्यायला लावले, बाकीच्यांना हात जोडायला लावले. त्यातून जे समजलं ते इथं लिहून राहिलो, म्हणजे तुमचे साडेसहा हजार वाचतील.

१. आधी हे ठरवा की ट्रॉम्बोनच पाहिजे का

आपल्याकडे दोन प्रकार भेटतात. एक ओढायच्या स्लाइडवाला आणि दुसरा तीन पिस्टनवाला, ज्याला व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन म्हणतात. ट्रम्पेट नाहीतर युफोनियम वाजवणाऱ्याला पिस्टनवाला लवकर जमते, बोटं तीच राहतात. स्लाइडवाल्यात बोटांचं काहीच काम नाही, सगळा हिशोब हात आणि कान यांचा. पण मींड जी येते ना, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ती पिस्टनवर येत नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत एखाद्या भीमगीताच्या वेळी जुना वाजवणारा स्लाइड ओढते तेव्हा बाजूचे लोकं मान वळवून पाहतात, ते त्या मींडीसाठीच.

गैरसोयही ऐकून घ्या. सातव्या पोझिशनला स्लाइड हातभर पुढं जाते. वरातीत समोर नाचणारा नवरदेवाचा मामा मागं पाहत नाही, आणि त्याच्या पाठीला धक्का लागला की स्लाइड वाकली. गर्दीत वाजवायचं असेल तर रांगेत सगळ्यात पुढं उभे राहा, ट्रॉम्बोनवाले पुढं असतात त्याचं कारणच ते आहे. पोट्ट्यासाठी घेऊन राहिले असाल तर त्याचा हात मोजा. दहा वर्षांच्या पोराचा हात सातव्यापर्यंत पोचत नाही, पाचव्या-सहाव्यावर भागवावं लागते.

कोणी ट्रिगरवाला दाखवला, म्हणजे मागं एक जास्तीची नळी आणि अंगठ्याची चावी असलेला, तर हुरळून जाऊ नका. ती चावी दाबली की बाजा पांढरी चारमध्ये (पेटीची पट्टी, इंग्रजीत एफ) उतरते, लांबच्या पोझिशन टळतात, सोय चांगली आहे. पण वजन वाढते आणि बिघडायला एक भाग जास्त. शिकणाऱ्याला गरज नाही.

२. पाहायला जाताना सोबत काय न्यायचं

- मोबाइल, त्यात ट्यूनरचं ॲप आधीच टाकून (गावात रेंज राहील याचा भरवसा नाही)
- टॉर्च
- पाण्याची फवारणीची छोटी बाटली आणि थोडी कोल्ड क्रीम
- मऊ सुती कपडा, जुनं धोतर फाडलेलं सगळ्यात बेस्ट
- असेल तर स्वतःचा माउथपीस (ओठाला लावून फुंकायचा तुकडा)
- वही-पेन
- एक वाजवणारा माणूस, जो तुमच्याइतका त्या बाजाच्या प्रेमात पडलेला नाही

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. मी एकटा गेलो होतो.

कोल्ड क्रीम काहून, असं वाटलं असेल. ट्रॉम्बोनवाले स्लाइडला पातळ क्रीम लावून वरून पाण्याचा फवारा मारतात, ही जगभरची जुनी रीत आहे. विकणारा म्हणेल "भाऊ कोरडी आहे म्हणून अडकते, तेल टाकलं की चालते". मग तुम्ही तिथंच कपड्यानं पुसा, क्रीम लावा, फवारा मारा आणि म्हणा, आता चालवून दाखवा.

३. कोणत्या सुरात आहे

साधा टेनर ट्रॉम्बोन काळी पाचचा (इंग्रजीत बी फ्लॅट) असते. स्लाइड बंद ठेवून फुंकलं की खालून वर सा, प, सा, ग, प असे सूर येतात आणि हा सा म्हणजे काळी पाच. ट्यूनर ए ४४० वर, म्हणजे आजच्या ठरलेल्या सुरावर, ठेवून पाहा.

इथं दोन घोटाळे होतात.

पहिला घोटाळा जुन्या विलायती मालाचा. कामठीची छावणी १८२१ पासूनची, तिकडून आणि दुसरीकडून फौजी बँडचा जुना माल हात बदलत बदलत खेड्यापर्यंत आलेला सापडते. भोंग्यावर बूझी अँड हॉक्स असं कोरलेलं दिसलं तर तो १९३० नंतरचा, कारण त्या दोन कंपन्या त्याच वर्षी एक झाल्या. इंग्रजांकडचे ब्रास बँड १९६० च्या दशकापर्यंत चढ्या सुरात वाजवत, ए ४५२ च्या आसपास. म्हणजे आजच्या सुरापेक्षा जवळपास अर्धा सेमीटोन वर. अशा बाजाला आजकालच्या कॅसिओसोबत बसवायला जा, ऐकणाऱ्याचे दात आंबतात. मागची ट्युनिंग स्लाइड ओढून नाहीतर पहिली पोझिशनच दोन बोटं पुढं धरून जमवणारे जुने लोकं आहेत, पण नव्या माणसाचा सगळा हिशोब बिघडते आणि सातवी पोझिशन हातातून जाते.

त्याच जुन्या मालात एक लांबलचक ट्रॉम्बोन येते, स्लाइडला लाकडी किंवा पितळी मूठ लावलेला. तो पांढरी पाचचा बास ट्रॉम्बोन. हात पोचत नाही म्हणून मूठ असते. पाहायला राजेशाही, पण आपल्या पार्टीतल्या काळी पाचच्या पोझिशन त्याच्यावर चालत नाहीत. भिंतीवर टांगायला घ्या हवं तर.

दुसरा घोटाळा आपल्या उन्हाचा. मे महिन्यात दुपारी दोन वाजता आंगणात ठेवलेला ट्रॉम्बोन फुंकाल तर चांगला बाजाही चढाच लागते, कारण गरम हवेत आवाज जोरात पळते आणि सूर वर जाते. म्हणून सकाळी सात-आठला जा, नाहीतर अर्धा तास घरात सावलीत ठेवू द्या. उलट डिसेंबरच्या थंडीत पाच मिनिटं फुंकून गरम करा, मग ट्यूनर पाहा.

४. स्लाइड (इथं अर्धा तास गेला तरी चालते)

ट्रॉम्बोनचा जीव स्लाइडमध्ये आहे. भोंग्याला पोचा पडला तर आपल्याकडे काढून देणारे आहेत. भंडाऱ्याला पितळेचं शहर उगाच म्हणत नाहीत, तिकडे पिढ्यान्‌पिढ्या पितळ ठोकणारे हात आहेत. पण स्लाइड म्हणजे एकात एक सरकणाऱ्या चार नळ्या, त्यांच्यात केसाइतकं अंतर. ती सरळ करायला सरळ दांडे, सपाट टेबल आणि त्याच कामाचा माणूस लागते. भांड्याच्या कारागिराला स्लाइड देऊ नका, तो बिचारा प्रामाणिकपणे ठोकेल आणि कायमची घालवेल.

असं करा.

लॉक उघडायच्या आधी डोळ्यानं पाहा. स्लाइडच्या टोकाला जो वळणाचा यू असते, त्याच्यावर पोचा आहे का? असेल तर ती पडलेली आहे, विकणारा काहीही म्हणो.

मग भोंग्यापासून स्लाइड वेगळी करा, उभी धरा, लॉक उघडा (खाली हात ठेवा बापा, सुटली तर पायावर पडते आणि पाय-स्लाइड दोन्ही वाकतात). थोडी तिरपी केली की बाहेरची स्लाइड आपल्या वजनानं खाली घसरली पाहिजे, कुठंही न थांबता. थांबली तर ती जागा बोटानं चाचपा, तिथं बहुतेक पोचा भेटेल.

आता एक चाचणी, जी मला आधी कोणी सांगितली असती तर मी त्याच्या घरी पेढे घेऊन गेलो असतो. बाहेरची स्लाइड पूर्ण काढा. उलटी फिरवून तिची एकच नळी आतल्या एका नळीवर चढवा, दुसरी नळी बाजूला हवेत राहू द्या. सरकवा. मग दुसऱ्या बाजूची तशीच. दोन्ही वेगवेगळ्या मस्त सरकल्या पण जोडीनं अडकल्या, तर नळ्या सरळ आहेत, फक्त समांतर नाहीत, आणि हे जाणकार माणसाकडून सुधरते. पण एकच नळी एकटी असतानाही अडकली तर ती वाकलेली आहे किंवा तिला पोचा आहे. हे काम मोठं, खर्च मोठा. माझ्यावाल्याच्या दोन्ही नळ्या वाकलेल्या होत्या, पाच मिनिटांत समजलं असतं.

आतल्या नळ्यांच्या खालच्या टोकाला साधारण अर्ध्या वीतीएवढा भाग जरासा जाड असते. त्याला स्टॉकिंग म्हणतात. सगळी घसरण तेवढ्याच भागावर होते. तिथं टॉर्च मारा. पांढरी चकाकी अखंड पाहिजे. मधी पिवळं पितळ दिसलं, पापुद्रे निघाले असले, खरबरीत लागलं, तर प्लेटिंग गेली. अशी स्लाइड क्रीम लावून आज चालेल, पुढच्या सीझनला पितळावर पितळ घासून जाम होईल. या एका गोष्टीसाठी मी दोन सौदे मोडायला लावले.

शेवटी हवा. स्लाइड जोडा, पाण्याची चावी (आतलं थुंकी-पाणी सोडायची) बंद आहे ते पाहा, वरची दोन्ही तोंडं अंगठ्यानं घट्ट दाबा आणि स्लाइड सोडा. हवा बंद असेल तर ती हळूहळू उतरते, अंगठे काढले की धपकन जाते. दाबूनही धपकन गेली तर कुठंतरी हवा निघून राहिली. आधी पाण्याच्या चावीचा कॉर्क पाहा, पुष्कळदा तोच वाळलेला असते आणि तो बदलणं काही खर्चाचं काम नाही. कॉर्क बरोबर असूनही गळत असेल तर नळ्याच झिजल्या, मग राहू द्या.

५. बाकीचं पितळ

भोंग्याची चमक पाहूच नका. उलट जास्त चमकत असेल तर संशय घ्या. चिंच-मीठ नाहीतर राख लावून घासलं की कोणतंही पितळ सोन्यासारखं दिसते, आणि घासून घासून पत्रा पातळ होते. भोंग्याच्या कडेजवळ अंगठ्यानं हलकं दाबून पाहा, कागदासारखं लवलं तर पुष्कळ घासलेला आहे.

हिरवा थर (तांब्याचा कळंक) वरवर असेल तर घाबरायचं काम नाही, निघते. भीती गुलाबी डागांची. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. थुंकी-पाणी साचून राहिलं की आतून जस्त निघून जाते आणि तांब्याची जाळी उरते, बाहेरून ते गुलाबी-लाल ठिपक्यासारखं दिसते, मधी कधी काळा टिंब. माउथपीस जिथं बसते तिथली नळी आणि स्लाइडचं वळण, या दोन जागी पाहा. हा आजार आतून बाहेर येते, पॉलिशनं जात नाही. दोन-चार डाग असले तर भाव पाडा, पूर्ण नळी तशी असेल तर सोडा.

मागची ट्युनिंग स्लाइड हातानं निघते का पाहा. अडकलेली असली म्हणजे बाजा वाया गेला असं नाही, तेल सोडून दोन दिवस ठेवलं की पुष्कळदा सुटते. पण विकणाऱ्याला पक्कड आणू देऊ नका. जोडाच्या पट्ट्या हलवून पाहा, झाळलेला डाग सुटलेला असेल तर खडखड वाजते. हे काम सोपं आहे, झाळून भेटते.

भोंग्यात टॉर्च मारा. हसू नका, मी एकात कुंभारमाशीचं मातीचं घर पाहिलं, अख्खं, तीन खोल्यांचं. विकणारा म्हणून राहिला होता की आवाज "थोडा बसका" आहे.

६. माउथपीस

ट्रॉम्बोनच्या माउथपीसची दांडी बारीक आणि जाड अशी दोन मापात येते, जुन्या विलायती बाजात आणखी मधलं माप सापडते. बारीक दांडी जाड नळीत खडखडते, जाड दांडी बारीक नळीत अर्धीच बसते, आणि कागद गुंडाळून बसवणारे कलाकार आपल्याकडे कमी नाहीत. काढून पाहा. कागद, दोरा, चिकटपट्टी निघाली तर माउथपीसचा खर्च वेगळा धरा. ओठाच्या जागी चांदीची चकाकी जाऊन पितळ उघडं पडलं असेल तर तो वापरू नका, ओठ खाजवतात.

अडकलेला माउथपीस पकडीनं पिळून काढायचा नाही, पिळ बसली की आतली नळीच फिरते. त्याचं वेगळं ओढणी यंत्र येते.

७. वाजवून पाहा

सोबतच्या माणसाला वाजवू द्या, तुम्ही दहा पावलं लांब उभे राहा. सातही पोझिशन. तिसरी भोंग्याच्या कडेच्या अलीकडे येते, चौथी कड ओलांडून जराशी पुढं, एवढं ध्यानात ठेवलं तरी बाकीच्या सापडतात. मग त्याला पहिलीपासून सातवीपर्यंत एकाच फुंकीत ओढायला सांगा. आवाज मधी कुठं तुटला, फाटला, फुसफुसला ते ऐका. झणझण येत असेल तर एखाद्या जोडाचा डाग सुटलेला आहे.

स्वतः वाजवता येत नसेल आणि सोबत कोणी नसेल तर विकणाऱ्यालाच वाजवू द्या, पण त्याच्या बोलण्याकडे कान देऊ नका, हाताकडे पाहा. एखादी पोझिशन तो टाळत असेल तर तिथंच गोम आहे.

८. भाव आणि कागद

घ्यायची वेळ म्हणजे जून. मेमधे लग्नं संपतात, मृग तोंडावर असते, बी-बियाणं भरायला पैसा लागते आणि ज्याला विकायचं तो तेव्हा विकते. तुळशीच्या लग्नानंतर पाहायला गेलात तर प्रत्येक जण स्वतः वाजवणारा, भाव चढलेला. पण एक सांगतो, एखाद्याचं घर अडलं म्हणून विकून राहिला असेल तर मान मुरगाळू नका, त्याच गावात उद्या तुम्हाला त्याच्यासोबत वाजवायचं आहे.

भाव ठरवताना मी असा हिशोब लावतो: त्याच प्रकारच्या नव्या मेरठी ट्रॉम्बोनचा भाव फोनवर विचारून घ्यायचा (जली कोठी भागात बाजे बनवणाऱ्यांची दुकानंच दुकानं आहेत), त्यातून दुरुस्ती, जाण्यायेण्याचं भाडं आणि माउथपीस वजा करायचं. उरलेल्याच्या निम्म्याच्या वर जुन्याला जायचं नाही. स्लाइडमध्ये काहीही संशय असेल तर पितळेच्या भंगाराचा भाव सांगा आणि उठा.

कागद एवढे घ्या:

- साध्या कागदावर विक्रीची चिठ्ठी, तारीख आणि दोघांच्या सह्या
- बाजावर नंबर कोरलेला असेल तर तो चिठ्ठीत, भोंग्याचा आणि स्लाइडचा वेगळा असेल तर दोन्ही (वेगळा असणं म्हणजे दोन बाजे जोडलेले असू शकतात, मग जोड ढिला नाही ना ते पाहा)
- विकणाऱ्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स
- पैसे रोख देण्यापेक्षा मोबाइलवरून, म्हणजे नोंद राहते

भोंग्यावर शाळेचं, पलटणीचं नाव किंवा सरकारी बाणाचं निशाण कोरलेलं असेल तर लिलावात घेतल्याचा कागद मागा. नसेल तर चोरीचा माल अंगावर येऊ शकते.

ऑनलाइन पाहून ॲडव्हान्स पाठवू नका. "मी फौजेत आहे, बदली झाली, कुरिअरनं पाठवतो" हे नाटक जुनं झालं. खरा विकणारा असेल तर त्याला चौथ्या नंबरातली एका नळीची चाचणी व्हिडिओ कॉलवर करायला सांगा, खोटा असेल तर फोन कट होते.

९. घरी आणणं आणि पहिली रात्र

लालपरीनं येणार असाल तर मांडीवर घ्या. डिक्कीत नाही, वर नाही. स्लाइड वेगळी, भोंगा वेगळा, स्लाइडला लॉक लावून दुपट्ट्यात गुंडाळून.

घरी आल्यावर कोमट पाण्यात थोडं साबण टाकून आतून-बाहेरून धुवा. उकळतं पाणी नाही, त्यानं वरचं लॅकर (पितळेवरचा पारदर्शक थर) निघते. आतल्या नळ्यांवर घासायची पावडर लावू नका. धुतल्यावर उभं करून निथळू द्या, मग क्रीम आणि फवारा.

आणि खोबरेल तेल नको. हे मी केलेलं आहे. मेरठहून स्लाइड नीट होऊन आली त्या वर्षी क्रीम संपली म्हणून देवघरातल्या बाटलीतलं खोबरेल लावलं, दुपारी तर लोण्यासारखी चालली. रात्री वरात होती, डिसेंबर, समुद्रपूरकडे, शेकोट्या पेटलेल्या. नवरदेव घोडीवर चढला, ट्रम्पेटवाल्यानं सूर दिला, मी स्लाइड ओढली आणि ती जागेवरच. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजते हे आईला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. अर्धा तास शेकोटीपाशी बसून स्लाइड शेकली, तोवर वरात मांडवात पोचली होती.